पहिल्या दिवशी दुकानात काय होतं? जुन्या कन्सोलचे देशोदेशीचे लाँच गेम

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

कुठला कन्सोल (गेम खेळायचं यंत्र) भारी, यावर इथे रग्गड चर्चा झाली आहे. मला वेड आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. कन्सोल ज्या दिवशी विकायला आला, त्या दिवशी दुकानदाराच्या फळीवर त्याचे कोणते गेम होते? आणि तोच कन्सोल दुसऱ्या देशात गेला तेव्हा ती फळी कशी बदलली?

सुरुवात निन्टेन्डोपासून करतो. १५ जुलै १९८३ला जपानमध्ये फॅमिली काँप्युटर, म्हणजे फॅमिकॉम, १४,८०० येनला आला. त्या दिवशी गेम फक्त तीन: डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनियर आणि पोपाय. तिन्ही निन्टेन्डोचेच आणि तिन्ही आर्केडमध्ये आधी गाजलेले. जपानी पोरांना हे गेम पाठ होते, फक्त नाणी टाकून खेळावे लागत. ते घरी आणून देणं एवढंच निन्टेन्डोला त्या दिवशी करायचं होतं.

आता तेच यंत्र वेगळ्या डब्यात घालून १८ ऑक्टोबर १९८५ला न्यूयॉर्कमध्ये विकायला ठेवलं. नाव निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टीम. तिथली यादी १७ गेमची सांगितली जाते. टेन-यार्ड फाइट, बेसबॉल, गोल्फ, टेनिस, सॉकर हे मैदानी खेळ. डक हंट, होगन्स अ‍ॅली, वाइल्ड गनमॅन हे बंदुकीने खेळायचे. जायरोमाइट आणि स्टॅक-अप हे रॉब नावाच्या छोट्या रोबोबरोबर खेळायचे. शिवाय क्लू क्लू लँड, एक्साइटबाइक, आइस क्लायंबर, कुंग फू, पिनबॉल, रेकिंग क्रू आणि सुपर मारिओ ब्रदर्स.

डाँकी काँग या यादीत नाही. जपानमध्ये ज्याच्या जोरावर यंत्र आलं, तोच गेम इथे गायब. अमेरिकन घरांत तो १९८२ पासून कोलेकोव्हिजनसोबत डब्यातच मिळत होता. निन्टेन्डोच्या यंत्रावर तो तिथे १९८६ मध्ये आला.

१९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. दुकानदार 'व्हिडिओ गेम' हे शब्दही ऐकून घेत नव्हते. म्हणून कॅसेट वरून न खोचता व्हीसीआरसारखी पुढून आत सरकवायची, सोबत रोबो द्यायचा, आणि न विकलेला माल परत घेऊ असा शब्द दुकानदारांना द्यायचा. माझ्या मते ती १७ नावंही याच हिशेबाने लावली आहेत. पालकांना ओळखीचे वाटतील असे खेळ पुढे, आणि रोबो-बंदुकीमुळे हे खेळणं आहे असं दुकानदाराला वाटावं.

आणि यादी एवढी लांब कशी? तर त्यातला प्रत्येक गेम जपानमध्ये आधीच आलेला होता. अमेरिकेला दोन वर्षांची शिदोरी एकदम मिळाली.

तुम्हाला माहीत असलेल्या याद्या येऊ द्या.

खारेदाणे

धागा आवडला, खूण साठवली आहे. पण एका जागी अडखळलो.

सुपर मारिओ ब्रदर्स न्यूयॉर्कच्या पहिल्या दिवशी होता, असं सरळ धरू नका. जपानमध्ये तो १३ सप्टेंबर १९८५चा, यात वाद नाही. अमेरिकेतल्या तारखेवरून मात्र अभ्यासक आजही भांडतात. कारण साधं आहे. तेव्हा गेमला 'रिलीजची तारीख' असं काही नसायचं. माल गोदामातून निघायचा, एका दुकानात मंगळवारी पोचायचा, दुसऱ्यात पुढच्या महिन्यात. ठरलेल्या दिवशी सगळीकडे गेम येणार, अशी जाहिरात करून वाजतगाजत आणलेला ठळक गेम म्हणजे निन्टेन्डोच्या प्रतिस्पर्धी सेगाचा सॉनिक २. २४ नोव्हेंबर १९९२, मंगळवार. आणि जपानला तो त्याच्याही तीन दिवस आधी मिळाला.

म्हणून ८०च्या दशकातल्या याद्या वाचताना 'त्या सुमारास दुकानात असलेले' असंच समजावं. अचूक दिवसाचा हट्ट नव्वदीनंतरच्या कन्सोलसाठी ठेवावा.

डोंगरवाट

मान्य. मी '१७ गेमची सांगितली जाते' असं लिहिलं ते त्यासाठीच, पण तुम्ही कारण नीट मांडलंत. धन्यवाद.

मधली_सुट्टी

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण पोपायचं नाव वाचून थांबले. आम्ही साताऱ्याला होतो तेव्हा दादाला 'टीव्ही गेम' आणला होता, ९४-९५ची गोष्ट असेल. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर भलाथोरला आकडा होता, ९९९९९९ इन १. त्यात पोपाय होता! ऑलिव्ह वरून बदाम टाकते आणि आपण ते खाली पडायच्या आत झेलायचे. डाँकी काँग ज्युनियरसुद्धा होता, वेलींवरून चढणारं माकड. सर्कस होती, रणगाडे होते, बर्फ फोडत वर जायचं ते होतं.

मग आमच्याकडे आला तो जपानचा कन्सोल का अमेरिकेचा?

साठ_पिना

@मधली_सुट्टी, तुमच्या दादाकडे होती ती फॅमिकॉमची नक्कल. म्हणजे जपानची बाजू.

अमेरिकन यंत्राच्या कॅसेटला ७२ पिना आणि आत एक कुलूप-चिप असे. ती चिप ओळख पटवल्याशिवाय गेम चालू होऊ द्यायची नाही. फॅमिकॉमला ६० पिना आणि कुलूप नाहीच. त्यामुळे नक्कल करणाऱ्यांनी फॅमिकॉम उचलला. आपल्याकडच्या गल्लोगल्ली मिळणाऱ्या टीव्ही गेमच्या कॅसेटच्या पट्टीवर बोट फिरवून पिना मोजा, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३० भरतील.

आता त्या कॅसेटमध्ये तेच ते गेम का असायचे? फॅमिकॉमच्या पहिल्यावहिल्या गेममध्ये दोनच मुख्य चिप असत. एकीत प्रोग्रॅम, १६ किंवा ३२ किलोबाइटचा. दुसरीत चित्रं, ८ किलोबाइटची. डाँकी काँग सगळा मिळून २४ किलोबाइट. रणगाड्यांचा बॅटल सिटीही २४. सुपर मारिओ ब्रदर्स ४०. पुढचे गेम मोठे झाले आणि त्यांना मॅपर नावाची जास्तीची चिप लागू लागली, जी स्मृतीचे तुकडे आळीपाळीने यंत्रासमोर धरते. काँट्राला मॅपर लागतो. आमच्याकडे तो वेगळ्या कॅसेटवर होता आणि ती कॅसेट महाग होती. स्वस्तातल्या बहुगेमी कॅसेटवर मात्र ८३ ते ८६ मधले हे छोटे गेम दाटीवाटीने भरलेले. आकडा ९९९९९९, खरे गेम मूठभर, बाकी तीच नावं फिरून फिरून.

म्हणजे फॅमिकॉमच्या पहिल्या दिवसाची यादी अमेरिकन पोरांना तशी कधी मिळाली नाही. आपल्याला मात्र दहा वर्षांनी, पोत्यात भरून, जवळजवळ जशीच्या तशी मिळाली. बॅटल सिटी आणि सर्कस चार्ली हे अमेरिकन निन्टेन्डोवर अधिकृतपणे आलेच नाहीत. तिकडच्या माझ्या सहकाऱ्यांना बॅटल सिटी माहीत नाही. इथे चाळिशीतल्या कुणालाही विचारा, गरुडाभोवतीच्या विटा आठवतील.

अवांतर: अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काही जायरोमाइट कॅसेट उघडल्या तर आत जपानी ६० पिनांचीच पट्टी निघते, ७२ पिनांचा अडॅप्टर लावलेली. कॅसेट हाताला जड लागते म्हणून संग्राहक ती वजनावरून हुडकतात. गेम सुरू केला की पडद्यावर नावही जायरोमाइट येत नाही, जपानी आवृत्तीचं 'रोबोट जायरो' येतं. न्यूयॉर्कला माल वेळेत पोचवायची किती घाई होती ते या एका कॅसेटवरून कळतं.

टेम्सकाठ

युरोपची कुणी दखल घेतली नाही, म्हणून लिहितो. मी १९९० ला आईवडिलांबरोबर इंग्लंडला आलो.

इथे सगळं उशिरा यायचं. फॅमिकॉमचा वारसदार सुपर फॅमिकॉम जपानमध्ये २१ नोव्हेंबर १९९०ला आला, दोनच गेम घेऊन: सुपर मारिओ वर्ल्ड आणि एफ-झीरो. अमेरिकेत ऑगस्ट १९९१ मध्ये. तोवर पायलटविंग्ज, सिमसिटी आणि ग्रेडियस ३ जोडीला आले होते आणि मारिओ तर डब्यातच होता. आमच्याकडे उजाडला एप्रिल १९९२. सतरा महिने! शाळेतल्या एका मुलाच्या काकांनी जपानहून यंत्र आणलं होतं. त्याच्या घरी जाण्यासाठी आम्ही त्याचा गृहपाठ करून द्यायचो.

पण उशिरापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रेखाटायचा, युरोपातला पाल टीव्ही ५० वेळा. गेमचं घड्याळ टीव्हीच्या ठेक्यावर चालायचं. कंपनीने त्यात दुरुस्ती केली नाही तर गेम सहाव्या हिश्शाने हळू पळायचा, आणि पालच्या रेषा जास्त असल्यामुळे चित्राच्या वरखाली काळे पट्टे. ज्या सॉनिकची जाहिरातच वेगाची, तो आमच्या मेगा ड्राइव्हवर (सेगाच्या यंत्रावर) संगीतासकट मंद होता. आम्हाला ते माहीत नव्हतं. पुढे अमेरिकन यंत्रावर सॉनिक पाहिला तेव्हा कुणीतरी मुद्दाम पळवलाय असं वाटलं.

युरोपला पहिल्या दिवशी स्वतःचं असं काही मिळालं ते १९९५ला. २९ सप्टेंबरला प्लेस्टेशन आलं आणि सोबत वाइपआउट. लिव्हरपूलच्या सिग्नोसिसने बनवलेला. हवेत तरंगणारी यानं, आणि युरोपच्या आवृत्तीत इथल्या क्लबमध्ये वाजणारं खरंखुरं इलेक्ट्रॉनिक संगीत. अमेरिकेच्या पहिल्या दिवसाच्या यादीत तो नव्हता, काही आठवड्यांनी गेला. त्या एका वेळी आम्ही पुढे होतो आणि त्याचं मला अजून कौतुक आहे.

साठ_पिना

@टेम्सकाठ, भारतातला टीव्हीही पालच, ५० चा. त्यामुळे पाल टीव्हीसाठी बनवलेली नक्कल ज्यांच्या घरी होती, त्यांचा मारिओसुद्धा हळूच पळायचा.

तपासायचं असेल तर सोपं आहे. सुपर मारिओचा पहिला टप्पा सुरू करा आणि मारिओला जागचा हलवू नका. शत्रू पडदा सरकल्याशिवाय येत नाहीत, तो उभाच राहतो. वरचं घड्याळ ४०० पासून उतरतं. त्याचा एक आकडा म्हणजे २४ चित्रं. ६० च्या टीव्हीवर ४०० संपायला १६० सेकंद लागतात, ५० वर १९२.

नीलमोहर

मी नागोयाला अकरा वर्षं आहे. जपानच्या याद्यांत मला सारखी एक गोष्ट दिसते, ती कुणी बोललं नाही: बैठे खेळ.

निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम बॉय घ्या. २१ एप्रिल १९८९, १२,५०० येन. जपानमध्ये चार गेम: सुपर मारिओ लँड, अ‍ॅलीवे, बेसबॉल आणि याकुमान. याकुमान म्हणजे माहजाँग, फरशांनी खेळायचा बैठा खेळ. अमेरिकेत जुलैअखेरीस गेला तेव्हा याकुमान गळला, टेनिस आला आणि डब्यात टेट्रिस. जपानला टेट्रिस पहिल्या दिवशी नव्हता, तो १४ जूनला आला. टेट्रिसचे हक्क मिळवणाऱ्या हेंक रॉजर्स यांनी निन्टेन्डोला पटवलं होतं की मारिओ दिलात तर मुलं घेतील, टेट्रिस दिलात तर सगळे घेतील. जपानमधली मोठी माणसं याकुमानने ओढायची, अमेरिकेतली टेट्रिसने. खटपट एकच, हत्यार वेगळं.

सेगा सॅटर्न, २२ नोव्हेंबर १९९४: पहिल्या दिवशी व्हर्चुआ फायटरच्या शेजारी माहजाँगचा एक गेम. एनईसी कंपनीचा पीसी इंजिन, ३० ऑक्टोबर १९८७: दोन गेममधला एक शांघाय, माहजाँगच्या फरशा जोडीने उचलायचा. गंमत म्हणजे शांघाय मुळात अमेरिकन काँप्युटरवरचा.

पण माझा सगळ्यात लाडका आहे निन्टेन्डो ६४. २३ जून १९९६, तीन गेम. सुपर मारिओ ६४, पायलटविंग्ज ६४, आणि तिसरा साइक्यो हाबू शोगी. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ, आणि हाबू म्हणजे योशिहारू हाबू. १४ फेब्रुवारी १९९६ला या माणसाने शोगीतले सातही मुख्य किताब एकाच वेळी स्वतःकडे असण्याचा पराक्रम केला. आधी कुणालाच जमलं नव्हतं. तेव्हा त्यांचं वय २५. चार महिन्यांनी आलेल्या यंत्राच्या पहिल्याच दिवशी त्यांच्या नावाचा गेम असणं इथल्या कुणालाही खटकलं नसेल. आपल्याकडे सचिनच्या शारजाच्या खेळ्यांनंतर दोन महिन्यांत कन्सोल आला असता, तर त्याच्यासोबत कशाचा गेम हवा हे काय सांगायला हवं?

सेटा कंपनीचा हा गेम मला इथे जुन्या मालाच्या दुकानात मिळाला. मारिओची कॅसेट काचेच्या कपाटात, शोगी खाली टोपलीत इतर कॅसेटच्या ढिगाऱ्यात. घरी लावला. आमचे ऐंशी वर्षांचे शेजारी चहाला आले होते. कंट्रोलर त्यांनी आयुष्यात धरला नव्हता. दहा मिनिटांत सोंगटी कशी उचलायची ते समजलं आणि मग त्यांनी दोन तास मान वर केली नाही. बाजूलाच पडलेल्या मारिओच्या कॅसेटकडे त्यांनी पाहिलंही नाही.

सप्टेंबरअखेरीस अमेरिकेत हे यंत्र गेलं तेव्हा शोगी वगळला. उरले दोन. म्हणून जगभर '६४ दोन गेमवर आला' असं सांगतात. जपानमध्ये ते तीन होते, आणि तिसरा कुणासाठी होता ते मी माझ्या दिवाणखान्यात पाहिलंय.

चौकोनी_चाक

वा, नीलमोहर! शेजाऱ्यांचा प्रसंग फार आवडला.

सॅटर्नचा विषय निघालाय तर अमेरिकेतला घोळ सांगतो. सेगाने सगळ्यांना २ सप्टेंबर १९९५ ही तारीख दिली होती. मग ११ मेला लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात जाहीर केलं की यंत्र आजपासूनच, ३९९ डॉलरला, निवडक दुकानांत. बाकीचे दुकानदार भडकलेच, पण खरा फटका यादीला बसला. बाहेरच्या कंपन्या सप्टेंबर धरून काम करत होत्या. त्यांचे गेम तयारच नव्हते. पहिल्या दिवशी व्हर्चुआ फायटर, डेटोना, पँझर ड्रॅगून असे सेगाचे स्वतःचेच सहा, आणि पुढचे काही महिने फळीवर फारशी भर नाही. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनची किंमत सांगितली: २९९.

आणि प्लेस्टेशनच्या पहिल्या दिवसाबद्दल बोलायचं तर रिज रेसर. जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४. सीडी फिरत असताना वाट बघावी लागते, म्हणून नॅमकोने त्या वेळात आपला जुना गॅलॅक्सियन खेळायला दिला. सगळे किडे मारले तर आठ गाड्या जास्त मिळतात. आणि एकदा गेम आत चढला की पूर्ण यंत्राच्या स्मृतीत बसतो. मग झाकण उघडून सीडी काढून घ्यायची, आपल्या आवडीच्या गाण्यांची लावायची, आणि शर्यत त्या गाण्यांवर चालू. मी पुण्यात मित्राकडे जुनं यंत्र घेऊन हे करून पाहिलं. झाकण उघडताना हात थरथरला, पण गाडी धावत राहिली.

डोंगरवाट

हे सगळं वाचून मन भरलं. सेगाच्या आधीच्या पिढीचं राहिलं, तेवढं सांगतो.

मेगा ड्राइव्ह जपानमध्ये २९ ऑक्टोबर १९८८ला आला. गेम दोन, स्पेस हॅरियर २ आणि सुपर थंडर ब्लेड. दोन्ही एकाच जातीचे: पाठीमागून दिसणारा नायक आणि समोरून मोठ्या होत येणाऱ्या वस्तू. आर्केडच्या यंत्रात चित्रं लहानमोठी करायची खास सोय होती, मेगा ड्राइव्हमध्ये ती नव्हती. म्हणून झाड दुरून जवळ येताना सलग न वाढता टप्प्याटप्प्याने टुणकन मोठं होतं. यंत्राला जे जमत नाही तेच पहिल्या दिवशी दाखवलं, असं माझं स्पष्ट मत. त्यात सहाच दिवस आधी, २३ ऑक्टोबरला, सुपर मारिओ ब्रदर्स ३ आला होता. नव्या यंत्राकडे कोण बघणार?

अमेरिकेत १९८९ला जेनेसिस या नावाने गेला तेव्हा डब्यात ऑल्टर्ड बीस्ट होता. शेजारी लास्ट बॅटल, जो जपानमध्ये एका गाजलेल्या मांगाचा (जपानी कॉमिकचा) गेम होता. अमेरिकेत नाव, पात्रं आणि रक्तपात काढून टाकला आणि उरलेलं विकलं. टर्बोग्राफिक्सनेही, म्हणजे पीसी इंजिनच्या अमेरिकन अवतारानेही, तेच केलं. डब्यातला कीथ करेज जपानमध्ये वातारू या अ‍ॅनिमेचा गेम होता.

कपडे बदलण्यात सगळ्यात मोठा मान वंडर बॉय इन मॉन्स्टर लँडचा. पीसी इंजिनच्या पहिल्या दिवशी आलेला बिक्कुरीमान वर्ल्ड म्हणजे हाच गेम, पात्रं मात्र चॉकलेटच्या पुड्यात मिळणाऱ्या स्टिकरवरची. ब्राझीलमध्ये सेगाचा माल बनवणाऱ्या टेकटॉयने १९९१ला मास्टर सिस्टीमवर त्याच गेमची नायिका मोनिका केली, तिथल्या घराघरातल्या कॉमिकमधली दात पुढे असलेली मुलगी. तिच्या हातात तलवारीऐवजी तिचा निळा ससा. असा आपल्या ओळखीच्या पात्राचा गेम आपल्या शाळेच्या दिवसांत असायला हवा होता, असं फार वाटतं.

खारेदाणे

एक मुद्दा राहिला. थोडेच पण चांगले गेम पुरतात, असा सूर वर दिसतो. सेगाचा ड्रीमकास्ट बघा. जपान, २७ नोव्हेंबर १९९८, चार गेम. व्हर्चुआ फायटर ३ सोडला तर थांबून घ्यावं असं काही नाही. सॉनिक महिनाभराने आला. शिवाय चित्रांची चिप पुरेशी बनत नव्हती, त्यामुळे यंत्रंही कमी. अमेरिकेला ९ सप्टेंबर १९९९ उजाडला, पण अठरा गेम घेऊन, त्यात सोलकॅलिबर. मोजक्या गेमवर मारिओसारखा गेम असलेलं एखादंच यंत्र तरतं.

मधली_सुट्टी

रविवारी साताऱ्याला गेले होते. माळ्यावर सापडलं सगळं! यंत्र, दोन रिमोट, पिवळी कॅसेट. एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ३० पिना. दादाने स्क्रू काढून कॅसेट उघडली, आत चिप अशी नाहीच, डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका आहे. जुना टीव्ही आईने टाकू दिला नव्हता, म्हणून जमलं. तिसऱ्या फुंकरीला चित्र आलं.

पहिल्या पानावर मारिओ, रणगाडे, सर्कस. दुसऱ्यावर डाँकी काँग ज्युनियर आणि पोपाय. डाँकी काँग तिसऱ्या पानावर तळाशी सापडला. म्हणजे तिन्ही आहेत.

मग मारिओला उभा केला आणि मोबाइलवर वेळ लावली. दादा, वहिनी, आई, सगळे नुसते बघत होते. शंभरवर आला तशी धावपळीची धून वाजली. शून्याला मी थांबवलं: ३ मिनिटं १२ सेकंद.

@साठ_पिना, १९२ झाले ना?